धुराडं तापतंय, पण काहील सुस्त: मेपलचा रस आटवताना दरवर्षी येणारी अडचण

मार्चचा मध्य. रात्री गोठतंय, दुपारी वितळतंय, झाडं भरभरून वाहताहेत. टाकीत मेपलच्या झाडांचा तीनशे गॅलन रस, आटवून त्याचं सिरप म्हणजे घट्ट गोड पाक करायचा. भट्टी पेटवून दीड तास झालेला, जाळ भरपूर, धुराड्यावरचा आकडा ८७० अंश फॅरनहाइट. गेल्या आठवड्यात याच जाळाला हा आकडा ७०० च्या आसपास असायचा. मग उकळी जास्त जोरात हवी होती. ती मात्र मंदावलेली. मागच्या काहिलीत ठिकठिकाणी बुडबुडे, मधेच शांत पट्टे, वाफही विरळ. एरवी तासाला २४ गॅलन आटवणारी आमची दोन बाय सहा फुटांची भट्टी त्या दिवशी १७ गॅलनवर आली होती.

हे पहिल्या हंगामात झालं, दुसऱ्यात झालं, तिसऱ्यात पुन्हा झालं. दरवेळी चौथ्या-पाचव्या उकळीच्या दिवशी. दोन हंगाम मी चुकीच्या जागी शोधत राहिले. अमेरिकेत, कॅनडात आपली बरीच मंडळी आता घरामागच्या मेपलला टोच्या मारून रस काढू लागली आहेत, आणि पहिली गोष्ट विकत घेतात ती धुराड्याचा थर्मामीटर. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आम्ही अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात आहोत. इथे सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये चालतात, मीही तेच वापरते.

मी मूळची करवीर तालुक्यातली. चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. तिथे चुलवणाच्या धुराड्याला कुणी थर्मामीटर लावला नव्हता. जाळ घालणारा माणूस चिपाडं एका लयीत आत सारायचा आणि धुराचा रंग बघून हात कमी-जास्त करायचा. गुळव्याची नजर काहिलीवर, त्याची धुरावर. इथे आल्यावर मला वाटलं, आकडा हाताशी आहे तर ती नजर लागणार नाही. ती समजूत चुकीची ठरली. धुराड्याचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. लाकूड टाकल्यापासून किती मिनिटांत तो चढला, कधी उतरला आणि त्याच वेळी काहिलीत काय चाललंय, या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की तो बोलायला लागतो.

आकडा कशाचा आहे

मेपलच्या रसात साखर फार थोडी, साधारण २ टक्के. व्हरमाँट विद्यापीठाच्या सी. एच. जोन्स यांचा ८६ चा नियम इथे प्रत्येकाला पाठ असतो: ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्याने भागा, तेवढे गॅलन रस एका गॅलन सिरपला लागतात. २ टक्क्यांना ४३ गॅलन. म्हणजे एका गॅलनसाठी ४२ गॅलन पाणी उडवायचं. उसाच्या रसाशी तुलना केली तर अंगावर काटा येतो. त्यामुळे भट्टीची उष्णता वाया जाणं इथे फार महागात पडतं. तीनशे गॅलन रस तासाला २४ च्या वेगाने आटवायला बारा तास लागतात, १७ च्या वेगाने सतरा. ते पाच तास मी मध्यरात्री काढले आहेत, दुसऱ्या दिवशी नोकरी असताना.

भट्टीची रचना थोडक्यात सांगते, पुढचं त्यावरच आहे. पुढे चूल, जिथे लाकूड जळतं. चुलीवर सपाट काहील, तिच्यात सिरप तयार होतं. तिच्या मागे दुसरी काहील, तिचा तळ खाली पन्हाळींसारखा घड्या घातलेला. चुलीतला जाळ मागे जाताना या घड्यांमधून घासत जातो, रसाला उष्णता देतो आणि उरलेली उष्णता घेऊन धुराड्यात शिरतो. थर्मामीटर मोजतो ती ही उरलेली उष्णता. दुकानात सांगतात तशी ती भट्टीची ताकद नव्हे. काहिलीने जे घेतलं नाही ते धुराड्याला मिळतं, हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या अडचणी आपोआप उलगडतात.

आमच्या भट्टीत, सगळं ठीक असताना, आकडा ५५० ते ७५० च्या मधे हिंदकळतो. तुमचा वेगळा असेल. धुराड्याची उंची, काहिलीची लांबी, प्रोब (थर्मामीटरचं धुराड्यात जाणारं टोक) कुठे बसवलाय, यावर तो ठरतो. शेजाऱ्याच्या ६०० शी तुमचे ६०० जुळवायला जाऊ नका.

आधी थर्मामीटरची उलटतपासणी

भट्टीला दोष देण्याआधी मोजणारं यंत्र खरं बोलतंय का ते पाहा. धुराड्याला बाहेरून चिकटणारा चुंबकी गोल थर्मामीटर असेल, तर तो पत्र्याचं तापमान दाखवतो, आतल्या वायूचं नाही. आतला वायू त्याहून बराच गरम असतो, आणि गोठवणाऱ्या वाऱ्यात पत्रा थंड पडला की हा फरक आणखी वाढतो. रोजच्या चढ-उतारासाठी तो चालतो. दोन भट्ट्यांची तुलना करायला चालत नाही.

आत घुसणारा प्रोब बहुतेक वेळा के-प्रकारचा थर्मोकपल असतो. दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या, टोक तापलं की दुसऱ्या बाजूला किंचित विद्युतदाब येतो. झीबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये पाहिलेली हीच गोष्ट. साधं, टिकाऊ, स्वस्त. पण त्याच्या दोन खोड्या आहेत, आणि त्यातल्या दुसरीने माझा एक अख्खा हंगाम खाल्ला.

पहिली सोपी. भट्टी पेटवल्यावर आकडा वाढायच्या ऐवजी उतरायला लागला, शून्याखाली गेला, तर तारा उलट्या जोडल्या आहेत. आपल्या डोक्यात लाल म्हणजे अधिक. अमेरिकेतल्या थर्मोकपल वायरीत लाल म्हणजे उणे, आणि के-प्रकारात पिवळी अधिक. खात्री करायची असेल तर एक छोटं चुंबक घ्या. उणे तार चुंबकाला चिकटते, अधिक तार चिकटत नाही. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवरचं चुंबकसुद्धा पुरतं.

दुसरी खोडी ओळखायला अवघड. लक्षण असं: सकाळी आकडा बरोबर, दोन तासांनी तो शंभर-सव्वाशेने खाली, जाळ तोच, उकळी तीच. भट्टी थंड पडत चालली असं वाटून आपण लाकूड वाढवतो. माझ्या बाबतीत प्रोबची मूळ वायर तोकडी होती, म्हणून धुराड्याशेजारी एका डबीत जोड करून पुढे साधी तांब्याची वायर ओढून मीटर भिंतीवर लावला होता. थर्मोकपल दोन टोकांमधल्या तापमानातला फरक सांगतो, आणि मीटर स्वतःच्या जागेचं तापमान त्यात मिळवतो. तांब्याची वायर जोडली की थंड टोक मीटरपाशी राहत नाही, ते त्या डबीत येतं. भट्टी तापते तशी डबी तापते. डबी २०० अंशांवर आणि मीटर ६० अंशांच्या भिंतीवर असेल, तर आकडा १४० ने कमी दिसणार. प्रोब बिचारा निर्दोष. बर्फाच्या पाण्यात घालून पाहिला तर ३२ अगदी बरोबर दाखवतो, कारण तेव्हा डबी गार असते.

उपाय एकच: जोडायची वायरही के-प्रकारचीच हवी, आणि जोडणीचे तुकडेही. तुमच्या भिंतीपर्यंत आलेल्या दोन्ही तारा सोलून चुंबक लावून बघा. एकही चिकटली नाही तर ती तांब्याची आहे, आजच बदला. तांब्याची वायर काढली त्या दिवशी माझा दुपारचा 'थंडपणा' कायमचा गेला.

शेवटी उकळत्या पाण्यात एकदा प्रोब बुडवून पाहा, पण २१२ ची अपेक्षा डोळे मिटून धरू नका. दर हजार फूट उंचीला पाणी जवळपास दोन अंश आधी उकळतं. आमच्याकडे, दीड हजार फुटांवर, ते २०९ च्या जवळ उकळतं. हे गणित सिरप उतरवतानाही लागतं, कारण सिरप पाण्याच्या त्या दिवशीच्या उत्कलनबिंदूच्या साधारण ७ अंश वर तयार होतं, आणि हवेचा दाब बदलला की तो बिंदू रोज थोडा सरकतो.

प्रोबची जागा: काहिलीच्या मागच्या टोकापासून धुराडं सरळ वर जायला लागलं की त्याच्या दीड फूट वर, आणि टोक नळीच्या मधोमध. अगदी खाली लावला तर जाळाची जीभ अधूनमधून चाटून जाते आणि आकडा उड्या मारतो. फार वर लावला तर एकेरी पत्र्याच्या धुराड्यात वायू तोवर बराच निवलेला असतो. एकदा लावलेली जागा बदलू नका, नाहीतर आधीच्या वर्षीच्या नोंदी वाया जातात. वायरीवरचं काचतंतूचं वेष्टण धुराड्याला टेकू देऊ नका. आत स्टेनलेस स्टीलच्या नळीतला प्रोबच हवा.

आकडा वर, उकळी खाली

हीच माझी जुनी अडचण, आणि कारण एकदा कळलं की हसू येईल इतकं साधं आहे: काजळी.

तिसऱ्या हंगामात मी भट्टी पूर्ण विझू दिली, सकाळी मागची काहील दोघांनी उचलून उलटी केली. घड्यांच्या दोन्ही बाजूंना मऊ काळा थर, मखमलीसारखा. नख ओढलं तर खाली चकाकणारं स्टील दिसलं आणि नखाच्या दोन्ही कडांना थराची जाडी दिसली, पोस्टकार्डाच्या दुपटीएवढी. जाळ आणि रस यांच्यामधे एवढं पांघरूण. जाळ घड्यांतून जातो खरा, पण उष्णता आत देऊ शकत नाही, तशीच घेऊन धुराड्यात जातो. म्हणून आकडा वर, उकळी खाली. चुलीत काहीच बिघडलं नव्हतं.

तारेच्या ब्रशने प्रत्येक घडी घासली. पाऊण तास लागला, तोंडावर मास्क बांधून. त्या दुपारी ६८० अंशांवर २४ गॅलन परत आले. आता आम्ही दर तिसऱ्या उकळीनंतर भट्टी गार झाल्यावर, धुराड्याच्या तळाशी असलेल्या झाकणातून लांब दांड्याचा ब्रश घालून घासतो. काहील उचलावी लागत नाही. ब्रश बाहेर आला की काजळी कशी आहे ते बघा. कोरडी भुकटी असेल तर हवा कमी पडते आहे किंवा चूल कोंबून भरली जाते आहे. चिकट, चकचकीत, डांबरासारखी असेल तर लाकूड ओलं आहे.

घासूनही फरक पडला नाही तर आणखी दोन जागा बघा. चुलीमागचा चढ आणि घड्यांच्या खालची जागा व्हर्मिक्युलाइट (एक हलकं, न जळणारं खनिज) किंवा वाळूने भरून आणलेली असते, म्हणजे जाळाला घड्यांत शिरण्यावाचून दुसरी वाट राहत नाही. दोन-तीन हंगामांत ही भर खाली बसते, कुठे उंदीर उकरतात, आणि जाळ घड्यांच्या खालून मोकळ्या वाटेने पळून जातो. विजेरी घेऊन मागून बघा. भर आणि घड्या यांच्यात बोटभर अंतर असेल तर ठीक, मूठ जात असेल तर भर घाला. दुसरी जागा काहिलीच्या आत. रस आटताना त्यातली खनिजं वाळूसारखी खाली बसतात, इथे त्याला शुगर सँड म्हणतात, मुख्यतः कॅल्शियम मॅलेट. हा थर पुढच्या काहिलीत जास्त जमतो, उष्णता अडवतो आणि वर सिरप करपवतो. व्हिनेगर घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी धुतला तर सुटतो.

आकडा खाली, उकळीही खाली

इथे पहिली शंका लाकडाची. आपण गेल्या उन्हाळ्यात फोडलेलं लाकूड 'वाळलंय' म्हणतो, पण ओंडक्याच्या पोटात ओल असते. नव्याने फोडून आतल्या बाजूला ओलावा मोजा, वीस टक्क्यांच्या वर असेल तर त्या लाकडाची काही उष्णता स्वतःचंच पाणी उडवण्यात जाते. कान दिलात तर ते चुलीत फिसफिसताना ऐकू येतं. फोड मनगटाएवढी हवी. मांडीएवढे ओंडके घरातल्या शेगडीला ठीक, इथे नाहीत. इथे लांब, उंच, वेगवान जाळ लागतो, जो मागच्या टोकापर्यंत पोचेल. चिपाडांचा जाळ पाहिला असेल त्याला हे लगेच कळेल.

दुसरी शंका निखाऱ्यांची. निखाऱ्यांचा थर दारापर्यंत आला की खालून हवा येत नाही. एक-दोन खेपा लाकूड न टाकता खालची झडप पूर्ण उघडी ठेवा, थर बसू द्या, जाळीच्या फटी सळईने मोकळ्या करा.

तिसरी, आणि सगळ्यांत फसवी, बाहेरून शिरणारी हवा. काहील भट्टीच्या कडेवर टेकते तिथली सिरॅमिकची दोरी झिजली, किंवा धुराड्याचा तळाचा जोड सैल झाला, तर धुराड्याची ओढ तिथून गार हवा खेचते. ती गरम वायूत मिसळते, आकडा पडतो, आणि पुढून चुलीतून येणारी हवाही कमी होते. शोधायची रीत आपल्या देवघरातली आहे. भट्टी पूर्ण जोरात असताना उदबत्ती पेटवून जोडाच्या कडेने हळूहळू फिरवा. जिथे धूर आत ओढला जाईल तिथे फट. आमच्याकडे दोन्ही काहिली जिथे एकमेकींना भिडतात तिथे नाण्याएवढी फट सापडली. त्या दिवशी शेजारचे गृहस्थ आले होते, चाळीस वर्षं मेपल करणारे. त्यांनी तो प्रकार शांतपणे पाहिला, जाताना माझ्याकडून उदबत्त्यांचा पुडा मागून नेला.

आकडा खाली, उकळी मध्यम, लाकूड मात्र भराभर संपतंय

हा प्रकार वेगळा सांगते, कारण यात माणूस खूश होतो. आकडा ४५० वर, म्हणजे काहील सगळी उष्णता घेते आहे असं वाटतं. पण धुराड्यातून किती वाया जातंय ते दोन गोष्टींवर ठरतं, वायू किती गरम आणि वायू किती. झडप सताड उघडी असेल, किंवा पंख्याची हवा गरजेपेक्षा जास्त सोडली असेल, तर जळायला लागते त्याच्या दुपटीने हवा चुलीतून वाहते. ती सगळी तापते आणि तापून निघून जाते. आकडा कमी दिसतो, वाया गेलेली उष्णता कमी नसते.

तपासणी दोन मिनिटांची आहे. झडप अर्धी लावा आणि थांबा. आकडा चढला आणि उकळीही वाढली तर हवा जास्त होत होती. आकडा पडला आणि जाळ तांबडा, आळशी, धुरकट झाला तर हवा योग्य होती, परत उघडा. जाळाचा रंग इथे आकड्यापेक्षा खरा सांगतो: पिवळसर पांढरा आणि चपळ असेल तर पोटभर हवा आहे.

थंड कोरड्या दिवशी धुराडं जोरात ओढतं, उबदार पावसाळी दिवशी ओढ मरगळते. त्यामुळे झडपेची कालची खूण आज चालेलच असं नाही. धुराडं बुटकं असेल तर हा त्रास कायमचा. इथली जुनी मापं सांगतात, धुराडं भट्टीच्या लांबीच्या दुप्पट उंच असावं. आमच्या सहा फुटांच्या भट्टीला बारा.

लाकूड टाकायची लय

थर्मामीटरचा खरा उपयोग मला इथे सापडला. एकदा वही घेऊन दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहून काढा, एकच तास. आमचा असा दिसतो: दार उघडलं की आकडा शंभरेक अंशांनी पडतो. दार लावल्यावर दोन मिनिटांत सावरतो, पाचव्या मिनिटाच्या सुमाराला शिखर गाठतो, सातव्या-आठव्यापासून उतरतो. उकळी त्याच्या मागोमाग, अर्धा मिनिट उशिराने.

बहुतेक जण उकळी पडलेली दिसल्यावर लाकूड टाकतात. तोवर उशीर झालेला असतो, आणि पडलेली उकळी परत आणायला तीन-चार मिनिटं जातात. शिखरापासून ५० अंश उतरला की दार उघडा. आमच्याकडे ते बरोबर आठव्या मिनिटाला येतं, म्हणून आता गजर लावलेला आहे. दार उघडं दहा-पंधरा सेकंदच. लाकूड हाताशी रचून ठेवा, एका खेपेला चुलीच्या एकाच अर्ध्यात टाका, पुढच्या खेपेला दुसऱ्या. आडवं-उभं टाका म्हणजे मधून हवा खेळते. चूल तोंडापर्यंत भरू नका. भरलेली चूल धुमसते आणि तिथूनच ती मखमली काजळी सुरू होते.

दोन माणसं असतील तर जाळ आणि काहील वाटून घ्या, पूर्वीच्या गुऱ्हाळासारखं. माझा नवरा जाळावर असतो, मी सिरपवर. एकटीने दोन्ही केलं त्या दोनही वेळा काहीतरी करपलं.

धोक्याच्या खुणा

अंधारात धुराड्याचा पत्रा मंद लाल दिसायला लागला तर तो हजार अंशांच्या आसपास पोचला आहे. तिथे थांबायचं. लाकूड बंद, खालची झडप बंद, दार बंद. चुलीवर पाणी ओतायचं नाही. जाळ विझेपर्यंत काहिलीतला रस कधीही कमी होऊ द्यायचा नाही. कोरडी काहील एका मिनिटात वाकते आणि जोड सुटतात. बाजूला बादलीभर रस नेहमी राखून ठेवा, टाकीचा नळ गोठला किंवा काहिलीत रसाची पातळी राखणारा तरंगता बॉल अडकला तर तोच वाचवतो. छपरातून धुराडं जातं तिथल्या लाकडाला हात लावून बघत जा, हात ठेववत नसेल तर तिथली जागा वाढवायला हवी.

दुसरं टोक कमी तापमानाचं. धुराड्याच्या आतल्या भिंती बराच वेळ २५० अंशांच्या खाली राहिल्या तर धुरातले पदार्थ तिथे गोठून क्रिओसोट, म्हणजे डांबरासारखा जळाऊ थर, जमतं, आणि पुढे कधीतरी तेच पेट घेतं. धुराड्यातून रेल्वेसारखी धडधड ऐकू आली तर आत आग आहे. दारं-झडपा बंद, माणसं बाहेर, अग्निशमन दलाला फोन. म्हणून सुरुवातीला बारीक कोरड्या काटक्यांचा मोठा जाळ करून धुराडं पटकन तापवा, आणि दिवस संपताना ओलं लाकूड टाकून रात्रभर धुमसत ठेवू नका. शुगरहाउस, म्हणजे रस आटवायची खोली, बंदिस्त असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा गजर लावाच. वाफेच्या वासात त्या वायूचा पत्ता लागत नाही, त्याला वासच नसतो.

वही

भिंतीवर खिळ्याला एक वही टांगलेली आहे. दर उकळीच्या दिवशी पाच गोष्टी लिहितो: बाहेरचं तापमान, लाकूड कुठलं, आकड्याचं शिखर आणि तळ, तासाला किती गॅलन आटले, शेवटचं ब्रशकाम कधी. आकड्याशेजारी गॅलन लिहिले की काजळी दोन दिवस आधी दिसते. शिखर ७२०, ७५०, ७९० असं चढत जातं आणि गॅलन २४, २३, २१ असे उतरत जातात. २१ दिसले की दुसऱ्या दिवशी पेटवण्याआधी ब्रश.

एप्रिलमध्ये कळ्या फुगल्या, रसाला कळीचा वास यायला लागला की आम्ही बंद करतो. काहिली धुऊन उलट्या, घड्या एकदा शेवटच्या घासून, कारण काजळी पावसाळी दमटपणात स्टील खाते. राख पूर्ण काढून. प्रोब उपसून, पुसून, वायरीसकट डब्यात, डब्यावर त्याचं भोक कुठे होतं याची खूण. धुराड्याच्या तोंडावर पत्र्याची बादली उलटी घालून तारेने बांधलेली, नाहीतर उन्हाळ्यात आत पक्षी घरटं करतात आणि फेब्रुवारीत पहिला जाळ टाकला की सगळा धूर घरात येतो.